पथ्य यांचं, वही माझी

आमच्या घरात यांनी विसराळूपणावर कीटो केला, म्हणजे पीठ-साखर जवळपास बंद करून तूप-तेलावर भर दिला, असं पाव्हणेरावळे म्हणतात. खरं तर तो मी केला. यांना रोज दुपारी ताटावर बसल्यावर नव्यानं सांगावं लागायचं की भाकर बंद आहे. विसराळूपणावरचं पथ्य विसराळू माणसानं पाळायचं म्हणजे काय, याचा विचार व्हिडिओवाले करत नाहीत. घास तेवढा पथ्यवाल्याच्या हातात असतो, बाकी सगळं चुलीपुढच्या माणसाच्या अंगावर पडतं. असं पथ्य घरात आणायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यातल्या चुलीपुढच्या माणसांसाठी हे लिहितेय.

आम्ही परभणीचे. हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. यांचं वय एकाहत्तर. शुगर जुनी, त्याच्या जोडीला बीपीची गोळी. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, वसमत, कोणती गाडी किती वाजता कोणत्या फलाटावर लागते हे यांनी कधी कागद बघून सांगितलं नाही. आजही झोपेतून उठवून विचारा, नव्वद सालचं वेळापत्रक सांगतील. पण गेल्या दोन-तीन वर्षांत नळ आला की मोटार लावायची आणि विसरून जायचं, फोनवर कोणी निरोप दिला तर फोन ठेवेपर्यंत तो गायब, दूधवाल्याचे पैसे एका महिन्यात दोनदा, असं सुरू झालं. दूधवाला चांगला होता, त्यानं परत आणून दिले. वय झालं, चालायचंच, असं म्हणत आम्ही बरेच दिवस काढले.

शेवटी नांदेडच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी तीस मार्कांची एक परीक्षा घेतली. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले, यांना एकच आठवला. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, ते मात्र फटाफट. मग कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. यांनी गोल सुरेख काढला, आकडे नीट मांडले आणि विचारलं, "चोवीस तासांचं का बारा?" डॉक्टरांना हसू आलं. मग यांनी एक काटा अकरावर आणि दुसरा दहावर नेऊन थांबवला. ज्या माणसानं उभी हयात मिनिटांवर गाड्या सोडल्या त्याचा काटा दहा मिनिटांसाठी दहाच्या आकड्यावर गेलेला बघून मी तोंड खिडकीकडं केलं.

डॉक्टरांनी एमसीआय असा शब्द वापरला. म्हणजे वयाच्या मानानं स्मरण जास्त घटलंय, पण रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः होतात. यातले सगळेच पुढं स्मृतिभ्रंशाकडं जात नाहीत, पण धोका इतरांपेक्षा जास्त. देशात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के धरतात, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आपण एकटे नाही एवढं त्यातून कळलं, दिलासा मात्र काही वाटला नाही.

औषधाआधी रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, बी-१२ बरंच कमी. आम्ही माळकरी, अंडंसुद्धा घरात नाही, वर शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि त्या गोळीनंही बी-१२ खाली जातं. डाव्या कानाला कमी ऐकू येतं हेही तिथंच कळलं. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढं सगळं श्रेय कीटोला द्यायला लोक तयारच बसलेले असतात.

कीटोचं खूळ थोरल्यानं पुण्याहून पाठवलं. व्हिडिओ, त्याखाली "आई, हे बघच." मला वाटलं डॉक्टर उडवून लावतील. त्यांनी उडवलं नाही, उलट खुर्ची पुढं ओढून समजावून सांगितलं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा संपवतो, आणि मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. वय वाढतं तशी मेंदूची ग्लुकोज घ्यायची ताकद उतरते, अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आजाराच्या, वाटेवर आणखी. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात स्टीफन क्युनेन यांच्या गटानं पेट स्कॅन, म्हणजे मेंदू किती इंधन घेतो ते दाखवणारी तपासणी, करून दाखवलं की ग्लुकोज कमी घेणारा तोच मेंदू कीटोन मात्र पूर्वीसारखेच घेतो. खाण्यातलं पीठ-साखर फार कमी झालं की यकृत चरबीतून कीटोन तयार करतं आणि ते रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात. "नळाचा दाब उतरलाय, पण टँकर आला तर टाकी भरते, असं समजा," डॉक्टर म्हणाले.

हे लगेच म्हणाले, "टँकर रोज येतो का, डॉक्टरसाहेब?"

"तोच तर प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले. मला वाटतं त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा प्रश्न यांनीच विचारला.

हा आहार काही वजन उतरवणाऱ्यांनी काढलेला नाही. उपाशी राहिलं की फिट कमी येतात, हे फार जुनं निरीक्षण. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की माणसाला उपाशी न ठेवता, भरपूर तूप-तेल आणि अगदी थोडं पीठ-साखर देऊन शरीराला उपासाच्याच अवस्थेत ठेवता येईल. औषधांना दाद न देणाऱ्या मिरगीत लेकरांना आजही तो आहार देतात. पुढं १९६७ मध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक आठवडे उपाशी असलेल्या माणसांच्या मेंदूचा हिशोब मांडला, तर दोन तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा कीटोनकडून येत होती. म्हणजे उपासात मेंदू उपाशी राहत नाही, तो दुसरं इंधन घेतो. हे ऐकून यांनी माझ्याकडं असं बघितलं जणू काही पंढरीच्या वारकऱ्यांना हे आधीच माहीत होतं.

माहीत असेल, पण आमच्या एकादशीचा त्याच्याशी संबंध नाही. साबुदाणा, भगर, रताळं, बटाट्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी. पथ्याच्या सगळ्या दिवसांत मला सगळ्यात अवघड गेला तो उपासाचाच दिवस. शेवटी शेंगदाण्याची आमटी नुसती प्यायला द्यायची, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे, असं ठरवलं. हे म्हणायचे, "भगर कुठंय?" मी म्हणायचे, "आज निर्जळेच्या जवळपासची एकादशी आहे." खोटं नव्हतं अगदी.

सुरुवातीला डॉक्टरांनी गोळ्यांची यादी समोर घेतली. यांना मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होती. पीठ बंद करून ती गोळी तशीच चालू ठेवली तर शुगर धाडकन खाली येऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो, म्हणून ती पहिल्याच दिवशी बंद केली. डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी किंवा त्या जातीची दुसरी कोणती घेता का, हे तर दोनदा विचारलं. त्या गोळीवर असताना कीटो केला तर शुगरचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात आम्लं साठून माणूस दवाखान्यात भरती व्हायची पाळी येते. पुढं आमच्या गल्लीत तिघा-चौघांनी "आम्हालाही यादी द्या" म्हणून मागितली, तेव्हा मी यादीआधी गोळ्यांचं पाकीट बघायला मागायचे. एकाकडं तीच गोळी निघाली. त्यांना म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारा, मग माझ्याकडं या. ते काही आले नाहीत.

नांदेडच्याच आहारतज्ज्ञ मुलीनं कागद दिला. पोरगी हुशार, पण कागदात ॲव्होकॅडो, झुकिनी, बदामाचं पीठ. शनिवार बाजारात ॲव्होकॅडो मागितला असता तर भाजीवालीनं मला पाणी पाजून सावलीत बसवलं असतं. मी तिला म्हटलं, बाई, मला फक्त आकडे दे, पदार्थ माझे मी बसवते. दिवसाला पन्नास ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे खाण्यातला पीठ-साखरेचा भाग, त्याच्या वर नाही, असं तिनं ठरवून दिलं. मग मी वही घेतली. एका मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं, त्यात पंचेचाळीसच्या आसपास कर्बोदकं. म्हणजे एक भाकर आणि दिवस संपला. घट्ट वरणाची वाटी, पंधराएक. चहातली दोन चमचे साखर, आठ-दहा. मूठभर शेंगदाणे, पाचेक. आयुष्यभर लेकरांची गणितं तपासली, पण ताटातली बेरीज पहिल्यांदाच केली.

तेव्हा कळलं की आपल्या इकडच्या खाण्यात भाकर काढली तर बाकीचं बरंचसं पथ्याला चालण्यासारखं आहे. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कारळाची चटणी ही तेलबियांचीच. थंडीत करडईची कोवळी भाजी येते, शेपू, चुका, अंबाडी, तांदुळजा, मेथी. वांग्याचं भरीत सढळ तेलात. दोडक्याची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी. घट्ट दही, घरचं पनीर. पिठलं मात्र बंद, बेसनातही पीठ आहेच. अडचण एकच. हे सगळं ज्याच्यासोबत खायचं तीच गोष्ट ताटात नाही. चटणी नुसती चमच्यानं खायला कोणाला जमतंय?

म्हणून जवसाची भाकर. जवस भाजून मिक्सरला बारीक करायचं, त्यात चौथा हिस्सा शेंगदाण्याचं कूट, मीठ, ओवा. उकळतं पाणी थोडं थोडं ओतत उलथन्याच्या दांड्यानं हलवायचं. जवसाला चिकटा सुटतो, गोळा आपोआप बांधला जातो. पण परातीत थापायला गेलं की तो तळहाताला असा धरतो की भाकर परातीत कमी आणि हातावर जास्त. दुधाच्या पिशवीचा कागद कापून, धुऊन, त्याला तेलाचं बोट लावून त्यावर थापली, कागदासकट उचलून तव्यावर उलटी टाकली आणि कागद सोलून घेतला, तेव्हा कुठं जमली. फुगत नाही. पापुद्रा सुटत नाही. तपकिरी, जड, मधे मधे भेगाळलेली. पहिली वाढली तेव्हा यांनी उलटून पालटून बघितली.

"ही भाकर कोण्या गावची?"

"आपल्याच."

"आपल्या गावात असली नसते." पण खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेवढ्याच आश्चर्यानं. मला पहिले काही दिवस राग यायचा. नंतर लक्षात आलं की रोज नवीन भाकर भेटतेय म्हणून हे रोज ती खातायत, कंटाळा असा येतच नाहीये. विसरण्याचा एवढा एक फायदा मी पदरात पाडून घेतला.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडचिड, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन हे ओरडत उठायचे. पीठ-साखर तुटली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. उठताना डोळ्यापुढं अंधारी आली तेव्हा बीपी मोजलं, ते नेहमीपेक्षा खालीच. फोनवर विचारून बीपीची गोळी निम्मी केली आणि दोन वेळा मीठ घालून ताक सुरू झालं. बीपीच्या माणसाला मीठ! आमच्या आक्का, म्हणजे माझी थोरली नणंद, त्या मानवतहून आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली मिठाची चिमूट बघितली आणि म्हणाल्या, "वैनी, माझ्या भावाला काय करायलीस तू?" रोज बीपी मोजून वहीत मांडतेय हे दाखवल्यावर त्या गप्प बसल्या. पटलं असं नाही, गप्प बसल्या. बद्धकोष्ठाला इसबगोल. तोंडाला एक वेगळाच वास यायचा, तो नेलपॉलिश पुसायच्या द्रवातल्या ॲसिटोनचाच. कीटोनांपैकी एक तोच, आणि तो श्वासातून बाहेर पडतो. नात सुट्टीला आली होती, ती म्हणाली, "आजोबा नेलपॉलिश लावतात?"

कीटोन खरंच तयार होतायत का हे बघायला बोटातून रक्त घेऊन मोजायचं यंत्र आणलं. लघवीच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण त्या दुसरंच कीटोन दाखवतात आणि काही आठवड्यांनी फसव्या होतात. रक्तात अर्ध्याच्या वर आकडा आला की शरीर त्या अवस्थेत शिरलं असं धरतात, आणि तीनच्या पुढं गेला तर लगेच फोन करा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमचा आकडा ०.६ ते १.१ च्या मधे फिरायचा. टोचून घ्यायला हे कधी कुरकुरले नाहीत. आकडा आला की विचारायचे, "गाडी वेळेवर आहे ना?"

आता खोबरेल तेल. व्हॉट्सॲपवर त्याचा इतका महिमा आला की विचारू नका. आमच्या परभणीत खोबरेल डोक्याला बाहेरून लावतात. आक्का म्हणाल्या, "मग आता आतून लावा की." आहारतज्ज्ञ मुलीनं समजावलं की खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, आणि जी दोन आम्लं यकृतात जाऊन झटपट कीटोन बनवतात, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक, ती दोन्ही मिळून सातवा-आठवा हिस्सा. ती दोनच वेगळी काढलेलं तेल मिळतं, एमसीटी म्हणतात. क्युनेन यांच्याच गटानं एमसीआयच्या लोकांना ते रोज तीस ग्रॅम सहा महिने दिलं. मेंदूत कीटोन जास्त पोचले आणि स्मरण, भाषा, नियोजनाच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. पण त्याच प्रकारच्या एका पदार्थाची अल्झायमरच्या सौम्य ते मध्यम रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२० मध्ये आला आणि त्यात काही फरक पडला नव्हता. थोरल्यानं पहिली बातमी पाठवली होती, दुसरी मी शोधली. आम्ही अर्ध्या चमच्यानं सुरुवात केली, कारण एकदम दिलं की पोट बिघडतं. तरी एकदा बिघडलंच. तो दिवस वहीत एका शब्दात आहे, इथंही तेवढाच पुरे.

लोकांनी खरं कौतुक केलं ते वजनाचं. हे चौसष्टवरून साठावर आले. कृषी विद्यापीठात सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणायची, "काय नियंत्रकसाहेब, बारीक झालात, छान!" नांदेडला मात्र काट्यावर उभं केल्याबरोबर डॉक्टरांच्या कपाळाला आठी. सत्तरीच्या माणसाचं उतरलेलं वजन म्हणजे नुसती चरबी नसते, मांस जातं, आणि मांस गेलं की पडणं आलं, हाड मोडणं आलं. स्मृतिभ्रंशात तर वजन आपसूकच घटत जातं. तिशीतल्या माणसाचा कीटो आणि म्हाताऱ्याचा कीटो हे दोन वेगळे आहेत, हे तिथं कळलं. शाकाहारी घरात तर प्रथिनांची आधीच मारामार. मग पनीर वाढवलं, दह्याची वाटी मोठी केली, तव्यावर परतलेले सोयाबीनचे वडे आले. त्यांना हे "रबर" म्हणतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, असा व्यायामही चिकटला. तो करताना हे आकडे मोजत नाहीत, थांबे मोजतात. परभणी ते गंगाखेडपर्यंतचे.

या सगळ्याचं मेंदूवर काय झालं, हे सगळे विचारतात. मी वहीत चार रकाने आखले होते. मोटार बंद केली का, गोळ्या न सांगता घेतल्या का, बाजारातून आल्यावर सुट्ट्या पैशांचा हिशोब लागला का, फोनवरचा निरोप सांगितला का. रोज बरोबर किंवा फुली. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतची पानं चाळली तर मोटारीच्या आणि हिशोबाच्या रकान्यात फुल्या ठळकपणे कमी झालेल्या दिसतात. गोळ्यांच्या थोड्या. निरोपाचा रकाना होता तसाच, फुल्यांनी भरलेला. सकाळी पेपर वाचताना मधेच डुलकी लागायची ती बंद झाली, आणि संध्याकाळची जी एक उदास चिडचिड असायची ती पुष्कळ उतरली. नांदेडला पुन्हा परीक्षा झाली, पाचातले तीन शब्द आले, घड्याळाचा मोठा काटा दोनवर गेला.

मी पेढे वाटायच्या बेतात होते, यांना चालत नसले तरी. डॉक्टरांनी शांतपणे पाच गोष्टी मोजून दाखवल्या. बी-१२ भरून निघालं. तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.१ वरून ६.९ वर आली. कानाला यंत्र लागलं. रोजचं चालणं सुरू झालं. आणि तीच परीक्षा दुसऱ्यांदा देताना मार्क थोडे वाढतातच. यातून कीटोचा वाटा वेगळा काढता येत नाही. न्यूझीलंडमध्ये मॅथ्यू फिलिप्स यांनी अल्झायमरच्या सव्वीस रुग्णांवर एक चाचणी केली, २०२१ मध्ये ती छापून आली, तिची गोष्ट त्यांनी सांगितली. प्रत्येकाला बारा आठवडे कीटो आणि बारा आठवडे नेहमीचा कमी चरबीचा आहार. कीटोच्या काळात रोजची कामं आणि एकूण समाधान यांत फरक दिसला, स्मरणाच्या परीक्षेतले मार्क मात्र खात्रीनं वाढले म्हणावेत इतके वाढले नाहीत. माझ्या रकान्यांशी ते जुळतंय असं मला वाटलं. पण एका माणसाच्या वहीला कोणी चाचणी म्हणत नाही, हेही मी शिक्षिका असल्यानं जाणते.

मग दुसरा कागद आला. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १०४ वरून १४८. कीटोवर काही जणांचं असं चढतं, तूप-लोण्याचा हात सैल असेल तर जास्तच. गंमत अशी की लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या तज्ज्ञ आयोगानं स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी जी चौदा कारणं मांडली, त्यात मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल नव्यानं घातलंय. कमी ऐकू येणं, शुगर, बीपी, एकटेपणा, कमी शिक्षण हीही त्यात आहेत, आणि ही सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा अंदाज. म्हणजे एका दारानं मेंदूसाठी आत आणलेलं तूप दुसऱ्या दारातून त्याच्याच मुळावर येऊ शकतं. तूप निम्मं करून त्या जागी करडईचं तेल, जवस, शेंगदाणे वाढवले. आमच्या लहानपणी घरोघरी करडईचंच तेल होतं. मधल्या काळात आपण सोयाबीन आणि पामच्या पिशव्यांकडं कधी वळलो, कोणालाच कळलं नाही.

हुरड्याचे दिवस कसे काढले ते यांनाच विचारायला नको, कारण यांना ते आठवत नाहीत. मला आठवतात. भाच्याच्या शेतात आगटीभोवती सगळे बसलेले, गरम कणसं हातावर चोळून हुरडा परातीत पडतोय, आणि मी यांच्या पुढ्यात चटणी, दही आणि भाजलेली वांगी ठेवतेय. भाचा म्हणाला, "मामी, एक मूठ काय होतंय?" मी एक मूठ दिली. मोजून. संध्याकाळचं बाकीचं सगळं त्यातून वजा केलं. पथ्य म्हणून आणलेली गोष्ट घरच्या माणसांना एकमेकांपासून तोडायला लागली तर ती पुढं जात नाही. आणि एकटेपणा हेही त्या चौदातलंच एक कारण आहे, हे मी भाच्याला नाही, स्वतःला सांगितलं.

मी स्वतः काय खायचे हे कोणी विचारलं नाही. सुरुवातीला यांच्यासमोर भाकर खायला जीव होईना म्हणून मीही ती जवसाची खायचे. मग मला अशक्तपणा आला. थोरल्यानं फोनवर बजावलं तेव्हापासून मी यांच्या दुपारच्या झोपेनंतर स्वयंपाकघरात उभ्यानं भाकर आणि ठेचा खाऊ लागले. एकदा हे पाणी प्यायला आत आले, माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "ज्वारीची दिसती." मी अर्धा चतकोर दिला. वहीत लिहिला.

उन्हाळा लागला तसं डॉक्टरांनीच पथ्य सैल केलं. परभणीत पारा चव्वेचाळीसला टेकतो, त्यात मीठ-पाणी आधीच कमी राहणारा म्हातारा माणूस, ही जोखीम त्यांना नको होती. आता दुपारी एक लहान ज्वारीची भाकर, रात्री पीठ नाही, साखर बंदच, एमसीटीचे दोन चमचे सकाळी, आणि रात्रीचं जेवण सातच्या आत. रक्तातलं कीटोन आता सकाळी अर्ध्याच्या आसपास रेंगाळतं, कधी तेवढंही नाही. रस मात्र यांनी वाटीभर खाल्ला. कैऱ्या उतरवताना झाडाखाली उभं राहून कोणत्या आंब्याची आढी कधी लावायची हे सगळ्यांना सांगणाऱ्या माणसाला त्याच आंब्याची वाटी नाकारायची माझी हिंमत झाली नाही.

मोटार अजून बहुतेक वेळा वेळेवर बंद होते. फोनवरचे निरोप मी आता स्वतः घेते. एलडीएलची पुढची तपासणी पोळ्यानंतर आहे. आकडा खाली आला नसेल तर उरलेलं तूपही जाणार असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि पोळ्याच्या पुरणपोळीवर तूप नसेल ही बातमी यांना मी अजून दिलेली नाही. द्यायची तर तीही रोज नव्यानं द्यावी लागणार.